गणवेशांसाठी एक वर्ष

वेस्ट विंडसर, न्यू जर्सी
९ ऑक्टोबर २००५

प्रिय प्रसाद,

दिवाळीच्या आत तुझ्या हाती पडावं म्हणून आजच लिहायला बसले. फोनच केला असता, पण तुमच्या मारोवे बेटाला फोन लावला की माझाच आवाज दोन सेकंदांनी मला परत ऐकू येतो आणि मी स्वतःलाच दटावत बसते. कंपनीच्या ई-मेलवर घरचं काही लिहू नकोस म्हणून तू बजावलंयस. मग राहिलं पत्र. अण्णांची मुलं आपण, दुसरं काय करणार!

रवी बरा आहे. अंगणातली पानं गोळा करून करून पाठ धरलीय, पण माणूस लावायचा नाही. आन्या शनिवारी कॉलेजातून फोन करते. मी मराठीत दहा वाक्यं बोलते, ती 'आय नो, मॉम' म्हणते की झालं. मी एक सल्ल्याचं काम घेतलंय, त्यासाठी आठवड्यातून दोनदा न्यूयॉर्कला जाते. कसलं ते विचारू नकोस, कुणाला सांगणार नाही अशी सही करून दिलीय. इथल्या स्टेशनवर गाडी लावायचं परमिट मिळायला सहा-सात वर्षांची रांग आहे, म्हणून रवी मला प्रिन्स्टन जंक्शनला सोडतो आणि तसं रोज एकदा बोलून दाखवतो.

आता मुद्द्याचं. मारोवे दक्षिण सागर समूहातून बाहेर पडणार असं वाचलं. तुमच्या नव्या सरकारने निवडणुकीतच तसं कबूल केलं होतं म्हणे. तुझ्या कारखान्यातले शाळेचे गणवेश समूहातल्याच देशांत जातात ना? आज त्यांवर जकात नाही. बाहेर पडलात की पस्तीस टक्के लागेल, मग तिथला व्यापारी तुझा शर्ट कशाला घेतोय? तुझ्याकडे तीनशे चाळीस बायका शिवतात, म्हणून मनात आलं, सहज विचारते. तुमचं सगळं गणवेशांवरच आहे, की फ्रान्सची ऑर्डर अजून येते? समजा, बाहेर पडल्यावरही विनाजकात माल पाठवायला एक वर्ष मिळालं, तर निभेल का? की तीन वर्षं लागतील? नीट लिही. वल्लरीला विचारून लिही हवं तर. नवऱ्यापेक्षा ती सरळ बोलते.

चकली फसली. भाजणी इथली, दोष तिचा.

तुझी,
ताई


वेस्ट विंडसर
११ डिसेंबर २००५

प्रिय प्रसाद,

तुझं पत्र मंगळवारी आलं. बाहेर टपालपेटीवर हातभर बर्फ होता, तो झाडून पत्र काढलं आणि स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचलं. जीव भांड्यात पडला बघ. 'इकडील सर्व क्षेम. फ्रान्सची ऑर्डर पक्की आहे. गणवेश म्हणजे आता वरकड काम. एक वर्ष मिळालं तरी पुष्कळ झालं, ताई, तू उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस.' किती बरं वाटलं! मी रवीला वाचून दाखवलं. तो म्हणाला, 'तुझा भाऊ तुझ्यापेक्षा शहाणा आहे.' म्हणू दे.

आणि हे ता.क. काय लिहिलंयस? 'ता.क. सोलापूरची गिरणी बंद झाल्यावर अण्णांनी कुठलं काम धरलं होतं, आठवतं का तुला? सहज विचारतो.' अरे, मी तेव्हा इथे शिकत होते आणि तू घरात होतास! मंगल कार्यालयात दारावर बसायचे ना? अहेराच्या पाकिटांवर कुणाची नजर जाऊ नये म्हणून. तुलाच ठाऊक आहे, मला काय विचारतोस? वयाबरोबर तूही अण्णांसारखा होत चाललायस, दुसरं काही नाही.

माझं न्यूयॉर्कचं काम बरं चाललंय. मला तिथे मान आहे, प्रसाद. वीस वर्षं मी व्यापारावरचे अहवाल लिहिले, ते कपाटात गेले. आता मी बोलते आणि माणसं लिहून घेतात. एवढंच सांगते, याहून जास्त सांगता येत नाही.

वल्लरीला सांग, तिने मागितलेलं थर्मल घेतलंय. त्या उन्हाच्या बेटावर तिला ते कशाला लागतंय देव जाणे!

तुझी,
ताई


वेस्ट विंडसर
२ एप्रिल २००६

प्रिय प्रसाद,

तू फोन ठेवलास. मी पुन्हा लावला, मग पुन्हा. सहाव्यांदा वल्लरीने उचलला आणि 'ताई, आत्ता नको' म्हणाली. म्हणून लिहिते.

हो, पेपरातल्या फोटोत मागे उभी आहे ती मीच. पुढे बसून बाहेर पडायच्या करारावर सही करतायत त्या मादाम क्लोदेत, तुमच्या मारोवेच्या न्यूयॉर्कमधल्या राजदूत. त्यांनी मला सल्लागार म्हणून घेतलं. ऑक्टोबरपासून मी मारोवेच्या बाजूने त्या बोलण्यांच्या टेबलाशी बसत होते. तुला सांगता येत नव्हतं. सांगितलं असतं तर काम गेलं असतं आणि माझ्या जागी कुणीतरी असा बसला असता की ज्याला मारोवे नकाशातही सापडत नाही. मी हे काम घेतलं ते तू तिथे आहेस म्हणून. आता हसशील.

बाहेर पडायचं हे मी ठरवलेलं नाही. ते तुमच्या मतदारांनी ठरवलं. माझं काम एवढंच की पडताना कमीत कमी लागावं.

तू विचारलंस, 'एक वर्ष कुणी सांगितलं?' आणि फोन ठेवलास. आता उत्तर ऐक. छोट्या देशांच्या वकिलाती संयुक्त राष्ट्रांसाठी न्यूयॉर्कला असतातच, म्हणून असली बोलणी तिथे होतात, दोन्हीकडचे विमानाचे फेरे वाचतात. चव्वेचाळिसाव्या रस्त्यावर एका बँकेच्या वरची भाड्याची खोली, समोर समूहाचे मिस्टर ओकांबा आणि त्यांची माणसं. या बोलण्यांची एक रीत आहे. ज्यावर एकमत नाही तो शब्द किंवा आकडा मसुद्यात चौकटी कंसात ठेवायचा. कंस आहे तोवर काही ठरलेलं नाही. कंस खोडला की ठरलं, मग तो देवालाही परत घालता येत नाही. सुरुवातीला चारशेच्या वर कंस होते. फेब्रुवारीच्या शेवटी एकच उरला. गणवेश किती वर्षं विनाजकात जाणार?

आम्ही तीन म्हणत होतो, ते शून्य म्हणत होते. सहा बैठका झाल्या. मग ओकांबा म्हणाले, 'मासळीला पाच वर्षं देतो. गणवेशाचं एकावर या.' मारोवेत मासेमारीवर दोन हजार घरं जगतात, तुला मी काय सांगायचं. मादामनी माझ्याकडे वळून विचारलं, 'गणवेशवाले एका वर्षात सावरतील?' पेनं उघडून सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, सावरतील, माझ्याकडे थेट कारखान्यातून आलेली माहिती आहे.

तुझं पत्र माझ्या पर्समध्ये होतं, प्रसाद. 'एक वर्ष मिळालं तरी पुष्कळ झालं.' तुझं अक्षर. मी त्या कागदाच्या जिवावर बोलले आणि माझ्या पेनाने कंस खोडला.

मग आता माझ्यावर का ओरडतोस? एक वर्ष पुष्कळ नव्हतं, तर लिहायचं होतंस. मी मोठी बहीण आहे, मनकवडी नाही.

उत्तराची वाट बघते.

ताई


वेस्ट विंडसर
१७ सप्टेंबर २००६

प्रसाद,

साडेपाच महिने झाले. तोंडात मिठाची गुळणी धरून बसलायस. शेवटी वल्लरीने लिहिलं. तिच्यावर चिडू नकोस, मीच तिला शपथ घातली होती.

फ्रान्सची ऑर्डर गेल्या वर्षी फेब्रुवारीतच गेली! जगभरचा कापडाचा कोटा उठला आणि तुमचा फ्रेंच माणूस चीनकडे वळला. म्हणजे मी ऑक्टोबरात विचारलं, तेव्हा आठ महिने तुझ्याकडे गणवेशांशिवाय एका काज-बटणाचंही काम नव्हतं. तीनशे चाळीस बायका त्यावर होत्या. आणि तू मला लिहितोस, वरकड काम! मूर्खा! इतका राग आलाय की समोर असतास तर दोन लगावल्या असत्या, पन्नाशीचा असलास तरी.

वल्लरी लिहिते, 'ताईंना कशाला काळजी, असं म्हणून त्यांनी तसं लिहिलं. मी म्हटलं खरं लिहा, तर म्हणाले, घरच्या पत्रात असलं लिहीत नसतात.'

घरच्या पत्रात असलं लिहीत नसतात. अण्णांचं वाक्य आहे हे. मी इथे शिकायला आले तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी त्यांचं निळं एरोग्राम यायचं आणि पहिली ओळ ठरलेली, इकडील सर्व क्षेम. आईचं ऑपरेशन झालं, तेव्हाही सर्व क्षेम. गिरणीला टाळं लागलं, तेव्हाही सर्व क्षेम. खरं काय ते खाली, सही झाल्यावर, ता.क. म्हणून एका ओळीत. 'ता.क. आईला परवा घरी सोडतील.' कुठून सोडतील ते आपण ओळखायचं! मी होस्टेलच्या जिन्यात बसून रडले होते त्या ओळीवर. तेव्हापासून मी त्यांची पत्रं खालून वर वाचायला लागले.

तूही तसंच केलंस. वर सगळं क्षेम आणि खाली ते ता.क. 'गिरणी बंद झाल्यावर अण्णांनी कुठलं काम धरलं होतं?' मी ते वाचलं, पण डोक्यात शिरलं नाही रे. कामाची घाई होती, दर खेपेला दोन तास रेल्वेत जायचे, मान मोडेपर्यंत मसुदे वाचत होते. कळलं नाही. खरंच कळलं नाही. एवढ्यावर तरी विश्वास ठेव.

आन्या आली होती. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, 'बट ही लाइड टु यू, मॉम.' मी तिला काय समजावणार? आमच्यात याला खोटं बोलणं म्हणत नाहीत, हे इंग्रजीत सांगताच येईना.

ते एक वर्ष मार्चमध्ये संपतं, अजून सहा महिने आहेत. मी काहीतरी करते. ऐकतोयस ना?

ताई


वेस्ट विंडसर
६ मे २००७

प्रसाद,

मी काय काय केलं ते तुला कळावं म्हणून लिहिते, माफीसाठी नाही.

ऑक्टोबरात मादाम क्लोदेतकडे गेले. म्हटलं, गणवेशाचं कलम पुन्हा उघडा, माहिती चुकीची होती. त्यांनी चहा दिला, माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, 'लतिका, वन इयर वॉज युअर फिगर.' आवाजही चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. मी ओकांबांनाही तीन पत्रं लिहिली. त्यांच्या ऑफिसातून पोच आली.

नंतर मी एक वेडेपणा केला. इथल्या मंडळाच्या मराठी शाळेला वार्षिक कार्यक्रमासाठी टी-शर्ट हवे होते, साठ. मी हट्टाने ते काम तुझ्या कारखान्याला दिलं. शाळेच्या मालिनीताई म्हणाल्या, 'अहो, एडिसनला निम्म्यात मिळतात, तेही उद्या.' मी भांडले. खोकं जानेवारीत आलं. मी ते जमिनीवर बसून उघडलं, एकेक शर्ट झटकून पाहिला, कुठे चिठ्ठी असेल म्हणून. शिलाई सुरेख होती. वर कंपनीच्या कागदावर टाइप केलेलं इंग्रजी पत्र होतं, 'डिअर मॅडम' आणि खाली तुझी सही. डिअर मॅडम! मी तुला आंघोळ घातलीय रे लहानपणी.

कार्यक्रमात साठ मुलं ते पिवळे शर्ट घालून उभी राहिली आणि गाणं म्हणाली. सगळे टाळ्या वाजवत होते. मी बाहेर पार्किंगमध्ये जाऊन गाडीत बसले. रवी मागून आला आणि शेजारी बसून राहिला.

साठ शर्ट म्हणजे तुझ्या बायकांचं किती वेळाचं काम? सकाळचा चहा व्हायच्या आत संपलं असेल.

मार्चमध्ये काय झालं ते वल्लरीने फोनवर सांगितलं. आधी दोनशे बायका गेल्या, मग उरलेल्या. शेवटच्या दिवशी प्रत्येकीने आपापली कात्री घरी नेली, कारण कात्रीवर जिचं तिचं नाव कोरलेलं होतं. मशीनवर कुठल्याशा शाळेच्या बाह्या शिवायच्या राहिलेल्या होत्या, त्या तशाच टाकून गेल्या. एकीने जाताना तुला विचारलं, 'साहेब, मासळीला पाच वर्षं आणि आम्हाला एकच का?' तू काय उत्तर दिलंस ते वल्लरीला ऐकू आलं नाही.

मीही तेच विचारते स्वतःला. कागदावर उत्तर आहे. दोन हजार घरं विरुद्ध तीनशे चाळीस. वर्गात शिकवायला उत्तम उदाहरण. पण मला झोप लागत नाही आणि जेवण जात नाही. चव्वेचाळिसावा रस्ता टाळायला म्हणून मी न्यूयॉर्कला जाणंच सोडलंय. परमिटच्या रांगेत मात्र नाव पुढे सरकतंय, नगरपालिकेचं पत्र आलं होतं.

वल्लरी सोलापूरला माहेरी चालली असं म्हणाली. तू का जात नाहीस? इकडे ये. तिकीट पाठवते. ये रे.

ताई


वेस्ट विंडसर
३ फेब्रुवारी २००८

प्रिय प्रसाद,

दोन वर्षं आणि दोन महिन्यांनी तुझं पत्र आलं. पाकिटावरचं अक्षर तुझं. रवीला हाक मारली, म्हटलं, तू फोड.

चार ओळी. 'प्रिय ताई, इकडील सर्व क्षेम. तुझी पत्रं मिळाली. हवा बरी आहे. दाजींना नमस्कार, आन्याला आशीर्वाद. प्रसाद.'

मी ते आधी खालूनच वाचायला घेतलं. सहीखाली काही नव्हतं. कागद उलटा केला, मागेही कोरा. खिडकीशी धरून बघितला. पाकीट फाडून उलगडलं, आतल्या बाजूला पाहिलं. रवी म्हणाला, 'लतिका, पुरे.' अर्धा कागद रिकामा होता, प्रसाद. जागा होती. तू ता.क. लिहिलं नाहीस.

अण्णांनी शेवटच्या आजारातसुद्धा ता.क. लिहिलं होतं. खरं सांगावं असं माणूस असतं तोवरच ते लिहितात. तू मला त्यातून काढलंस, हे मला समजलं. मादाम क्लोदेतना, ओकांबांना, मंडळाच्या लोकांना जशी पत्रं जातील तसं हे मला आलंय. मी तक्रार करत नाही. कुठल्या तोंडाने करू?

तू कुठे असतोस ते वल्लरीने सोलापूरहून सांगितलं. कारखाना विकला जाईपर्यंत बँकेने तुला तिथेच ठेवलंय. किल्ल्या तुझ्याकडे. दिवसभर फाटकाशी खुर्ची टाकून बसतोस. कुणी आत जाऊ नये, मशीनं कुणी नेऊ नयेत म्हणून. दारावर बसतोस.

मी पुन्हा लिहीन की नाही, ठाऊक नाही. तू वाचू नकोस वाटलं तर. पण हे पत्र मी आपल्या घरच्यासारखं नाही लिहिणार. इकडे क्षेम नाही. रवी माझ्याशी जपून बोलतो, आन्याने मला डॉक्टरकडे नेलं, मी गोळ्या घेते, त्यांनी काही होत नाही. सगळं वरच लिहून टाकलं, बघ. खाली लिहायला एकच उरलं आहे आणि ते गेली दोन वर्षं मी तुझ्यापासून, रवीपासून लपवलं.

तब्येत सांभाळ. उन्हात बसू नकोस.

तुझी,
ताई

ता.क. तुझं ते ता.क. मला त्याच मंगळवारी कळलं होतं. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या. मी तेही पत्र खालूनच वाचलं होतं, नेहमीसारखं. २००५ साली कुठल्याही बेटाकडे फ्रान्सची ऑर्डर राहिलेली नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? मीच तसा अहवाल लिहिला होता. तरी पत्राची वरची बाजू बाहेर येईल अशी घडी घातली आणि ते पर्समध्ये ठेवलं. खोलीतली सगळी माणसं माझ्या उत्तरासाठी थांबली होती, प्रसाद. वीस वर्षांत पहिल्यांदा. मला 'माहीत नाही' म्हणायचं नव्हतं.